मुका जखऱ्या आणि निळ्या बांगड्या

कीर्तनकाराला शेवट आधी विचारू नये, असा संकेत आहे. पण तुमच्यापैकी कुणी हे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून वाचत असेल, तर त्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो. मी जिवंत आहे. गळ्याचा कॅन्सर गेला, असं डॉक्टर म्हणतात. आवाज परत आला, पण निम्माच. उरलेला निम्मा कुठे गेला, ते सांगायला हे लिहितो आहे.

मी शमुवेल. सांगलीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि दरवर्षी नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये कीर्तन करतो. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की अनोळखी माणूस भुवया उंचावतो. त्यात उंचावण्यासारखं काही नाही. धोतर, उपरणं, चिपळ्या, पेटी, सगळं तुम्हाला ठाऊक आहे तेच. आख्यान तेवढं पवित्र शास्त्रातलं.

माझं आख्यान ठरलेलं : जखऱ्या याजक. म्हातारा, सज्जन, मूलबाळ नाही. यरुशलेमच्या मंदिरात धूप जाळायची पाळी त्याच्या चिठ्ठीवर आली. तो एकटा आत गेला. बाहेर सगळे लोक प्रार्थना करत उभे. आत देवदूत म्हणाला, तुला मुलगा होईल. जखऱ्या म्हणाला, या वयात? देवदूत म्हणाला, विश्वास ठेवला नाहीस ना, मग मूल होईपर्यंत तू मुका. जखऱ्या बाहेर आला, तो नुसत्या खुणा करत.

या खुणा म्हणजे माझ्या कीर्तनाचा प्राण. मी डोळे फिरवायचो, पोटावरून हात फिरवायचो, अदृश्य बाळाला जोजवायचो. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मूल जन्मलं, जखऱ्याची जीभ मोकळी झाली आणि तो गाऊ लागला, की मी वरच्या पट्टीत जायचो. तिथे माझा मेहुणा सुधाकर, जो पेटीवर बसायला खास साताऱ्याहून येतो, तो डोळे मिटून घ्यायचा. पुढे लोक म्हणायचे, मास्तर, जखऱ्या तुमच्यात संचारतो.

संचारतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

निदान

आवाज बसला तो उन्हाळ्यात. रूथ, म्हणजे माझी बायको, म्हणाली खडूची धूळ असेल. शाळेतले म्हणाले ज्येष्ठमध चघळा. मी चघळला. श्रावण आला तरी आवाज काही उठेना, तेव्हा मिरजेला दाखवायला गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घातली, मग तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी दोन खुर्च्या जवळ ओढल्या. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली की समजून जावं.

त्यांनी आजाराचं नाव घेतलं. रूथने माझा हात धरला नाही. तिने पर्स धरली, दोन्ही हातांनी.

"आवाज राहील का?" मी विचारलं.

"आधी तुम्ही राहा, मास्तर. मग आवाजाचं बघू."

"नाताळात माझं कीर्तन असतं."

त्यांनी अहवाल मिटला. "किरणांनी हे बरं होण्यासारखं आहे. लवकर आलात. आवाज बहुतेक परत येईल, पण किती, ते मी आज सांगू शकत नाही. आणि उपचार संपेपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबातच नाही, त्यानं जास्त ताण पडतो. खुणा करा. जमेल का?"

खुणा करा. मला हसू फुटलं. रिक्षात बसलो तरी थांबेना, खांदे हलत होते. रूथला वाटलं मी रडतोय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडा हो, रडा." मग मला खरंच रडू आलं.

आत

किरणांची खोली कशी असते ते सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

दार भिंतीएवढं जाड. तुम्हाला आत नेतात, अरुंद टेबलावर निजवतात आणि तुमच्याच चेहऱ्याच्या मापाची जाळी तोंडावर बसवून टेबलाला अडकवतात. मान हलत नाही. मग सगळे बाहेर जातात. जवळचा, प्रेमाचा, पगारी, कुणीही थांबत नाही. दार मिटतं.

पहिल्या दिवशी जाळीखाली श्वास कोंडला. काय करावं सुचेना, म्हणून जे पाठ होतं ते आठवू लागलो. मंदिरातल्या पवित्रस्थानात प्रमुख याजक देवासमोर एकटा जायचा. त्याच्या निळ्या झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरं लावलेली असत. का, तर तो आत जाताना, बाहेर येताना घुंगरं वाजावीत आणि तो मरू नये. मी हे चर्चमध्ये मुलांचे वर्ग घेताना कितीदा सांगितलं असेल. पण टेबलावर पडल्यावर प्रथमच कळलं की ती घुंगरं शोभेची नव्हती. देवाच्या इतक्या जवळ माणूस जातो तेव्हा त्याचा जिवंतपणा बाहेर ऐकू जावा लागतो.

यंत्र फिरलं. आणि काहीच झालं नाही. ना ऊन, ना कळ, ना स्पर्श. थोडी घरघर, बस. शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा दगड खाणीतच घडवून आणले होते, जागेवर हातोड्याचा आवाज म्हणून झाला नाही. तसं माझ्या गळ्यात कुणीतरी आवाज न करता काम करत होतं. मी आयुष्यभर देवाचं काम म्हणजे चिपळ्या समजत आलो. त्या शांततेत माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा होता, पण नुसत्या भीतीचा नव्हता.

बाहेर आल्यावर रूथचा चेहरा पांढरा पडलेला. "काही ऐकू येत नाही हो बाहेर," ती म्हणाली. "आत तुम्ही आहात की नाही, तेच कळत नाही."

घुंगरं हवी होती. मला सांगायचं होतं, पण बोलायची बंदी.

बाकडं

त्या खोलीबाहेर एक लांब बाकडं आहे. नावं पुकारायचा स्पीकर बिघडलेला, तेव्हा बाकड्याने स्वतःची रीत पाडून घेतली होती. जो बाहेर येईल त्याने पुढच्याचं नाव पुकारायचं. माझ्यानंतर असायचे आष्ट्याचे दस्तगीरभाई. गालाला गाठ होती, पट्टी बांधलेली, पण बोलणं अखंड. बांगड्यांचं दुकान, शिवाय बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरती.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर आलो आणि उभा राहिलो. नाव कसं पुकारणार? सगळे माझ्याकडे बघू लागले. मग मी हवेत एक मनगट धरलं, बोटं चेपली, तोंड वाकडं करून बांगडी सरकवली आणि बाईच्या वतीने 'आई गं' असं मुक्यानं कण्हलो.

बाकडं हसलं. दस्तगीरभाई उठले. "आवं मास्तर, इतकी जोरात न्हाई चढवत मी. गिऱ्हाईक तोडताय काय माझं?"

तिथून रोजचा खेळ झाला. ज्यांची ज्यांची पाळी माझ्यामागे लागे, त्यांची मी खूण बनवली. एक आजी होत्या, जतकडच्या. मेंढरं राखलेल्या. मराठी बेताचं, कानडी फार. त्यांच्यासाठी मी खांद्यावर कोकरू घेऊन उभा राहायचो. आमच्या चर्चच्या भिंतीवरच्या तसबिरीत उत्तम मेंढपाळ उभा असतो ना, अगदी तसा. आजी पदर तोंडाला लावून हसायच्या, सुनेला म्हणायच्या, "हौदु, हौदु," होय गं, होय, आणि कोकरू खरंच घ्यायला यावं तशा माझ्या खांद्याला हात लावून आत जायच्या.

रूथने मला शाळेची पाटी आणून दिली होती. एकदा मी पाटीवर दस्तगीरभाईंना लिहिलं की निजल्यावर छतावर प्रकाशाच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात, अगदी क्रूसासारख्या, आणि मला धीर येतो.

त्यांनी पाटी लांब धरून वाचली. "व्हय? मला त्या सुतारानं मारलेल्या रेघा वाटल्या. करवत लावायच्या आधी मारतात बघा."

मी पाटी घेऊन खाली लिहिलं : आमचा प्रभूही सुतारच होता.

"मग भांडान मिटलं," दस्तगीरभाई म्हणाले.

घरी

बाहेर मी इतका नट, घरी मात्र खुर्चीत बसून भिंत बघायचो. गळा आतून सोललेला, पाणीसुद्धा काट्यासारखं उतरायचं. मऊ भात, दूध, पुन्हा मऊ भात. मान भाजल्यासारखी काळवंडली. रूथ शाळा सांभाळायची, म्हणजे माझी रजा, अर्ज, फोन, आणि मला बघायला येणारी माणसं.

त्यांतले एक आमच्या चर्चच्या पंचमंडळातले वडील गृहस्थ. चहा संपवून म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण जखऱ्याची थट्टा फार केलीत. देवाच्या कामात थट्टा बरी नव्हे."

मी पाटी शोधत होतो. रूथ स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, थट्टेनं गळा बसत असता तर पंचमंडळाच्या सभेनंतर गावात एकालाही बोलता आलं नसतं."

गृहस्थ बिस्किटं न घेता गेले. मी पाटीवर लिहिलं : वाहवा, अलीशिबा. अलीशिबा म्हणजे जखऱ्याची बायको. तो मुका असताना मुलाचं नाव योहान असं तिनेच ठणकावून सांगितलं होतं. मला वाटलं रूथ हसेल. तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि माझ्यासमोर धरली.

"तिथे बाकड्यावर सगळ्यांना हसवता. इथे मला एक अक्षर नाही. मला भीती वाटते. रोज दाराबाहेर बसून वाटते. तुम्हाला वाटते का नाही? विनोद नको. एवढंच लिहा."

मी पेन्सिल उचलली. मग लिहिलं : वाटते. फार.

ती पाटी तिने पुसली नाही. फळीवर, पवित्र शास्त्राच्या शेजारी उभी करून ठेवली. त्या रात्रीपासून आम्ही पुन्हा एका ताटाभोवती बसू लागलो. उपचार घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरच्या माणसाला तुमचं धैर्य दाखवू नका. त्याला सोबत हवी असते.

कोकरू

उपचार संपत आले होते. एके दिवशी बाहेर आलो आणि सवयीने खांद्यावर कोकरू घेतलं.

आजींची जागा रिकामी होती.

कुणी हसलं नाही. दस्तगीरभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "सुनेचा फोन आला हुता. पहाटं गेली म्हातारी. घरीच गेली, जतला." मग मान वर करून, "शेवटी तुमची खूण करून दाखवत हुती म्हनं नातवंडांना."

मी तसाच उभा. हात खांद्याशी, कोकरासकट. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि रीतीप्रमाणे पाळी माझी होती. मला एक शब्द काढता येत नव्हता. दस्तगीरभाई स्वतःच उठले आणि आत गेले. दार मिटलं.

घरी येऊन मी लूकाचं शुभवर्तमान काढलं, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. धूप जाळून याजक बाहेर आला की त्याने जमलेल्या लोकांना आशीर्वाद द्यायचा, अशी जुनी रीत. लोक त्यासाठीच तर खोळंबले होते. आणि जखऱ्या बाहेर आला तो मुका. मी त्याच्या खुणांवर लोकांना इतकी वर्षं हसवलं, पण त्या अंगणातली माणसं त्या दिवशी आशीर्वादाशिवाय घरी गेली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांतही कुणी आजारी असेल. कुणाची जागा रिकामी असेल.

मग तो राहिलेला आशीर्वाद कुठे गेला? मी वाचत राहिलो. वाचायला वेळच वेळ होता. पानं उलटत अगदी शेवटाला आलो. शेवटी प्रभू शिष्यांना गावाबाहेर नेतो, हात वर करतो आणि त्यांना आशीर्वाद देतो. देता देताच वर घेतला जातो. आणि शिष्य आनंदाने परत येतात ते कुठे, तर त्याच मंदिरात.

मंदिरात सुरू झालेलं पुस्तक मंदिरात संपतं. पहिल्या पानावर अडकलेला आशीर्वाद शेवटच्या पानावर, उघड्यावर, खिळ्यांचे वण असलेल्या हातांनी दिला जातो. मी फळीवरच्या पाटीकडे बघत बसलो. माझं नाव शमुवेल. शास्त्रातला शमुवेल मंदिरात राहून एकच गोष्ट शिकला, की हाक आली की ऐकायचं. मी त्याचं नाव लावून पन्नाशी उलटेपर्यंत नुसता बोलत होतो.

कीर्तन

डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." मग बोट उगारून, "थोडं बोला. गाऊ नका."

सांगायचं मी, गाणं मेहुण्याने म्हणायचं, असं ठरलं. सुधाकर साताऱ्याहून आला आणि पेटी उघडण्याआधीच म्हणाला, "दाजी, माझी बोटं ऐका, गळा ऐकू नका. लोकांनी वर्गणी परत मागितली तर माझी जबाबदारी नाही."

रविवारी चर्च भरलं होतं. मागच्या बाकावर दस्तगीरभाई, बायकोसह, गालावर पट्टी, पायाशी बांगड्यांची पेटी. चपला काढायच्या का, टोपी ठेवायची का, हे त्यांनी दारातच सगळ्यांना विचारून घेतलं होतं.

मी सुरुवात केली. आवाज फाटका, पत्र्यावर वाळू पडावी तसा, पण निघत होता. जखऱ्या आत गेला. देवदूत बोलला. जखऱ्या बाहेर आला. आणि या वेळी मी त्याच्यावर लोकांना हसवलं नाही. तो आशीर्वाद द्यायला ओठ उघडतो आणि काहीच येत नाही, एवढंच दाखवलं. चर्चमध्ये खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

मग मूल झालं, जीभ मोकळी झाली. सुधाकरने पेटीवर सूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, त्याला गाता येणार नव्हतं. तो रडत होता. मी तोंड उघडलं. पहिलाच शब्द निम्म्यात विरला. पुन्हा उघडलं. नुसता वारा. लोकांना वाटलं, मास्तर रंगलेत.

मागून आवाज आला, "मास्तर, पुढचं कोन?"

दस्तगीरभाई उभे राहिले होते. त्यांना कळलं होतं. जो बाहेर येतो त्याने पुढच्याला बोलवायचं. बाकड्याची रीत.

मी वळलो आणि रूथकडे हात केला.

रूथ लोकांसमोर कधी गायलेली नाही. प्रार्थनाही डोळे मिटून, आवाज न काढता करणारी बाई. ती जागची हलली नाही. मी हवेत एक पाटी धरली, तिच्यावर लिहिलं आणि तिच्याकडे वळवली. काय लिहिलं, ते तिला एकटीलाच वाचता आलं. ती उठली.

तिचा आवाज बारीक होता, पहिल्या ओळीला थरथरला. पण शब्द एक चुकला नाही, ठिकाणं सगळी माझी, दम घ्यायच्या जागासुद्धा. इतकी वर्षं मी पुढच्या खोलीत तालीम करायचो आणि आतून फोडणीचा आवाज यायचा. ती ऐकत होती. अंधारात बसलेल्यांवर पहाट उगवते, तिथे ती वरच्या पट्टीत गेली, मी जायचो त्याच्याही वर, आणि सगळं चर्च तिच्यामागे गेलं. माझे हात कधी वर झाले ते मला कळलं नाही.

आमच्याकडे शेवटचा आशीर्वाद पाळकसाहेबांनी हात उंचावून द्यायचा असतो. ते पुढे आले, माझे हात बघितले, रूथकडे बघितलं, आणि गाणं संपेपर्यंत बाजूला उभे राहिले. मग त्यांनी आशीर्वाद दिला, आणि तो मी पहिल्यांदाच सगळा ऐकला.

बाहेर अंगणात दस्तगीरभाई पेटी उघडून बसले. "ताई, हात द्या. फुकट न्हाई, गान्याचं."

त्यांनी रंग शोधला, निळा. याजकाच्या झग्याचा रंग त्यांना मी कधी सांगितला नव्हता. बोटं अलगद चेपली, एकेक बांगडी सरकवली, दुखली नाही. सगळ्या भरून झाल्यावर रूथने, साताऱ्यात लहानपणी आईबरोबर बांगड्या भरताना करायची तसा, बांगडीवाल्याला वाकून नमस्कार केला. त्यांनी पट्टीखालून तिरकं हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी ऱ्हावा. दोघंबी."

दस्तगीरभाईंचा उपचार अजून चालू आहे. मंगळवारी मी त्या बाकड्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसतो. त्यांना पुकारायला.

त्या कीर्तनाच्या रविवारी स्कूटरवरून घरी निघालो. रूथ मागे. दर खड्ड्याला, दर वळणाला माझ्या कमरेशी बांगड्या त्या घुंगरांसारख्या किणकिणत होत्या. मी आत होतो, आणि बाहेर ऐकू येत होतं. घर आलं तरी मी गाडी थांबवली नाही, कृष्णेच्या पुलापर्यंत पुढे नेली.

"कुठे निघालात?" ती म्हणाली.

बोलायची परवानगी होती. मी बोललो नाही. ऐकत होतो.